आकर्षक वेष्टन आणि ग्राहकाची पारख

पूर्वी गूळ चाखून, तांदूळ मुठीत घेऊन त्याची पारख होत असे. बंद पाकिटात ही सोय उरली नाही. साहजिकच ग्राहक परिचित नाव, रंग व चित्र यांवर विसंबतो. हा विश्वास नेहमीच अनाठायी असतो असे नाही. १९३७ च्या अधिनियमान्वये दिले जाणारे ‘अ‍ॅगमार्क’ चिन्ह शेतमालाच्या प्रतीची ग्वाही देते. तथापि, नुसत्या देखणेपणाने वजन कळत नाही.

समजा, दहा रुपयांच्या पाकिटातील माल १०० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर आला. किंमत तीच, वेष्टनही तेच. परंतु दर ग्रॅमला दहा पैशांवरून साडेबारा पैसे झाला. ही छुपी दरवाढ सहसा ध्यानात येत नाही.

याकरिताच वेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार निव्वळ वजन व कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. पुढील दुरुस्तीने प्रति ग्रॅम वा प्रति किलो असा एकक दरही नमूद करावा लागतो.

हा मजकूर वाचण्याची सवय शाळा व ग्रामसभांमधून रुजविल्यास सामान्य कुटुंबाचा पैसा वाचेल आणि साध्या वेष्टनातील चोख मालालाही न्याय मिळेल.