सुरू केलेली गोळी थांबवायची कधी?

‘आजोबांची ती झोपेची गोळी, एक पाकीट द्या.’ घडीवर फाटत आलेली जुनी चिठ्ठी काउंटरवर येते आणि पाकीट मिळतंही. खरं तर अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधं २०१४पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं, ती वही ३ वर्षं ठेवायची. किती ठिकाणी हे होतं, ते सांगायला नको.

हा बेन्झोडायझेपिन गट. १९६०मध्ये लिब्रियम आणि १९६३मध्ये व्हॅलियम बाजारात आलं. मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम ही औषधं वाढवतात. म्हणून छातीत धडधडून जीव घाबरा झालेल्या माणसाला तासाभरात हायसं वाटतं. औषध वाईट नाही; योग्य वेळी ते मोठाच आधार देतं. पण हा आधार साधारण २ ते ४ आठवड्यांपुरता. चिंतेचा मूळ इलाज म्हणजे समुपदेशन आणि रोजची, सवय न लावणारी औषधं. त्यांचा गुण यायला वेळ लागतो, तोवर ही गोळी.

महिनोन्‌महिने घेतली की मेंदू तिच्या जोरावर चालायला शिकतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘सवय लागेल, बंद कर,’ आणि गोळी एकदम बंद होते. दोन-चार दिवसांत झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, भीती दुपटीने उसळते. घरचे म्हणतात, ‘बघ, आजार गेलाच नव्हता.’ पुष्कळदा तो आजार नसतो, गोळी तुटल्याचा त्रास असतो. क्वचित फिटही येते. म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, कधी कित्येक महिने घेऊन उतरवतात.

म्हाताऱ्या माणसांत गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते. तोल जातो, विसराळूपणा वाढतो. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं आणि खापर फुटतं ओल्या फरशीवर.

सगळ्यात घातक म्हणजे जोड. दारू, कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी सोबत असेल तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. बुरशीवरच्या इट्राकोनाझोलने अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण वाढतं. त्वचेच्या डॉक्टरांना मात्र कुणी सांगत नाही. झोपेची गोळी घरात ‘औषधांत’ धरलेलीच नसते.