विश्लेषण : तान्ह्या बाळाच्या अंगावर काळे-निळे डाग… मारहाण की रक्ताचा आजार?

चार महिन्यांच्या बाळाच्या छातीवर काळा-निळा डाग दिसला, तर डॉक्टरांपुढे दोन मुख्य शक्यता असतात. बाळाला कुणी इजा केली असेल किंवा त्याचे रक्त नीट गोठत नसेल. पहिली शक्यता नजरेआड झाल्यास बाळाच्या जिवावर बेतू शकते. दुसरी नजरेआड झाल्यास निर्दोष पालकांवर संशय येतो आणि बाळही उपचारांविना राहते.

साधा डाग गंभीर का?

चालत्या-पळत्या मुलांच्या नडगीवर, गुडघ्यावर डाग असणे नेहमीचेच. पण कुशीवरही न वळणारे बाळ सहसा स्वतःला मार लावून घेऊ शकत नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६ महिन्यांखालील ३६६ बालकांपैकी केवळ दोघांच्या अंगावर असे डाग आढळले होते. म्हणूनच धड, कान किंवा मानेवरचे डाग संशयास्पद मानले जातात. डागाच्या रंगावरून मार नेमका कधीचा हे सांगता येते, हा समज मात्र चुकीचा आहे.

कोणत्या आजारांत असे डाग पडतात?

हिमोफिलिया प्रामुख्याने मुलग्यांमध्ये आढळतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात तो आधी कुणालाच नसतो. त्यामुळे ‘आमच्या घरात असे काही नाही’ एवढ्याने तो नाकारता येत नाही. व्हॉन विलब्रँड आजार, प्लेटलेटचे विकार ही इतर कारणे. ‘फॅक्टर १३’ची कमतरता असल्यास नाळेच्या जागेतून बराच काळ रक्त येते. जन्मानंतर ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन न दिलेल्या आणि फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांत पहिल्या ६ महिन्यांपर्यंत अचानक मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

एका चाचणीत उत्तर मिळते का?

नाही. प्लेटलेटची संख्या, पीटी, एपीटीटी आणि विशिष्ट फॅक्टरच्या चाचण्या कराव्या लागतात. पीटी, एपीटीटी सामान्य आले तरी काही आजार सुटू शकतात. उलट, डोक्याला जबर मार लागल्यानेही हे अहवाल बिघडतात. म्हणून सोबतच हाडांचे एक्स-रे, मेंदूचे स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी केली जाते. रक्ताच्या आजाराने डाग पडतील, पण हाड मोडणार नाही. आणि आजार सापडला म्हणून मारहाण झालीच नाही, असेही ठरत नाही. दोन्ही तपास समांतर चालणे म्हणूनच आवश्यक.

जन्मखुणेचा गोंधळ कसा टाळावा?

अनेक भारतीय बाळांच्या कंबरेवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर डाग असतात. ते दुखत नाहीत, काही दिवसांत रंगही बदलत नाहीत. परदेशात राहणाऱ्या कुटुंबांनी त्यांची नोंद पहिल्याच तपासणीत करून घ्यावी.

पालकांनी काय करावे?

बाळाच्या अंगावर डाग दिसल्यास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, नाळेतून किंवा लसीच्या जागी झालेला रक्तस्राव, नात्यातील रक्ताचे आजार ही माहिती द्यावी. डॉक्टरांनी घरातल्या व्यक्तींबद्दल विचारले तर तो आरोप समजू नये. बाळ बोलू शकत नसल्याने हे प्रश्न विचारावेच लागतात. बाळाला इजा होत असल्याचा संशय असेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवता येते.