मागचा आकडा

जयपूरच्या मुरलीपुऱ्यातली आमची जुनी लॅब गेल्या महिन्यात बंद झाली. त्या जागी मोठ्या साखळीचं कलेक्शन सेंटर आलंय. एसी, टोकन, बारकोड. गल्ली खूश आहे, मी नाही.

आमच्या ह्यांना सीएलएल, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. निदानाने पायाखालची जमीन सरकते आणि डॉक्टर म्हणतात, औषध नको, नुसतं लक्ष ठेवा! 1975 मध्ये राय नावाच्या डॉक्टरांनी या आजाराच्या पायऱ्या लावल्या, पुढे लवकर औषध देऊन आयुष्य वाढत नाही हेही दिसून आलं, वगैरे. आमची सुरुवातीची वर्षं सीकर रोडच्या बसमध्ये आणि ओपीडीच्या रांगेत गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखी आहेत ती 2010 नंतरची दहा वर्षं. लॅबवाले भाईसाहब सकाळी घरी येऊन रक्त घेत. संध्याकाळी रिपोर्ट आणत, तो तळाशी लाल पेनने मागच्या तीन खेपांचे लिम्फोसाइट, म्हणजे या आजारात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे आकडे, लिहून. "भाभीजी, चाल वही है." सगळी मेख त्या चालीतच! आकडा नुसता मोठा असला म्हणून बिघडत नाही. ताप-संसर्ग नसताना तो सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाला, किंवा आजारामुळे हिमोग्लोबिन 10 च्या, प्लेटलेट 1 लाखाच्या खाली उतरल्या, की उपचारांचं बघायचं.

2013 मध्ये राजस्थानात सरकारी रुग्णालयांतून मोफत तपासण्या सुरू झाल्या. चांगलंच झालं. पण आकड्याशेजारी आकडा मांडणारा माणूस कुठल्याच योजनेत बसत नाही.

मार्च 2020 मध्ये, ऐन टाळेबंदीत, केंद्राने फोनवरून सल्ला देण्याचे नियम काढले. आमच्या डॉक्टरांनी मानेतल्या, काखेतल्या गाठी कशा चाचपायच्या ते व्हिडिओवर दाखवलं. वाटलं, सुटलो. पण नंतर आजार होता तिथेच राहिला, सोय तेवढी गेली. फोन बंद, "पेशंटला घेऊन या."

आता रिपोर्ट मोबाइलवर येतो. लिम्फोसाइट लाल अक्षरांत, खाली "तातडीने डॉक्टरांना भेटा". अरे बाबांनो, इतकी वर्षं ते लालच आहेत! मागचे तीन आकडे शेजारी छापाल का, असं काउंटरवर विचारलं. पोरगा म्हणाला, "सिस्टम में ऑप्शन नहीं है." एवढी यंत्रं मांडली, आणि एका रकान्याला जागा नाही.