भाकरी, मीठ आणि इंग्रजी

परवा आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत नववीतला एक मुलगा वही घेऊन आमच्याकडे आला. तोंड उतरलेले. इंग्रजीच्या चाचणीत 'टायटन युवर बेल्ट' या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला होता. बेल्ट म्हणजे पट्टा, पट्टा कंबरेला असतो, टायटन म्हणजे आवळणे. तेव्हा पोराने सरळ 'कंबर कसणे' असे लिहून टाकले. उत्तर चुकले, दोन गुण गेले. "काका, शब्द तर सगळे बरोबर होते, मग मी चुकलो कुठं?" असे तो विचारत होता.

शब्द बरोबरच होते. पण मराठी माणूस कंबर कसतो ती कामाला लागण्यासाठी. इंग्रज पट्टा आवळतो तो खिशात पैसा उरला नाही, खर्च आणि खाणे कमी करावे लागले म्हणून. त्याचा खरा मराठी अर्थ 'पोटाला चिमटा घेणे'. संध्याकाळी मुलाची आई त्याला न्यायला आली, तेव्हा तिलाही आम्ही हे सांगितले. ती हसून म्हणाली, "अगं बाई, हे तर आम्ही जन्मभर करतोय. त्याला इंग्रजीत असं म्हणतात होय?"

या एका वाक्याने आम्हाला विचारात पाडले. इंग्रजी म्हणजे साहेबाची भाषा, ती शिकलेल्यांच्या घरातच येते, अशी धास्ती आपल्या घराघरांत आहे. पण या भाषेतील कितीतरी म्हणी आणि वाक्प्रचार चुलीजवळच्या, शिंप्याच्या दुकानातल्या आणि जहाजावरच्या साध्या वस्तूंवर उभे आहेत. पाव, लोणी, मीठ, कढई, कोट, शीड हा त्यांचा कच्चा माल. ही वस्तू ज्याने हाताळली आहे, त्याला ती म्हण परकी वाटण्याचे कारण नाही.

वस्तू तीच, बोलणे निराळे

आधी स्वयंपाकघरात जाऊ. 'ब्रेड अँड बटर' म्हणजे नुसता पाव आणि लोणी नव्हे, तर पोटापाण्याचा उद्योग. 'ब्रेडविनर' म्हणजे ज्याच्या कमाईवर घर चालते तो. हा शब्द फक्त पुरुषासाठी आहे असे मुलांना वाटू देऊ नका. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी आई हीसुद्धा ब्रेडविनरच. कोणी साहेबाची खोटी स्तुती करू लागला की इंग्रज म्हणतो तो साहेबाला 'बटर अप' करतो आहे. आपणही म्हणतो, लोणी लावतो आहे. इथे दोन्ही भाषांचे लोणी एकच निघाले!

काही ठिकाणी मात्र वस्तू बदलते. 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन, इन्टू द फायर' म्हणजे कढईतून निसटला तो विस्तवात पडला. आपण म्हणतो, आगीतून फुफाट्यात. 'कट युवर कोट अकॉर्डिंग टू युवर क्लॉथ' म्हणजे जेवढे कापड तेवढाच कोट बेत. आपल्याकडे हाच सल्ला अंथरुणावर बेतलेला आहे: अंथरूण पाहून पाय पसरावे. तिकडे शिंप्याची कात्री, इकडे रात्रीची वाकळ. पण शहाणपण गरिबाच्या संसाराचेच.

काही वाक्प्रचार तर इंग्रजीतून आपल्याकडे येऊन मुरले आहेत. 'पेल्यातील वादळ' हे मूळचे इंग्रजांच्या चहाच्या कपातले. 'लालफीत' हीही तिकडचीच. तिथे सरकारी कागदांचे गठ्ठे तांबड्या फितीने बांधत, त्यावरून दिरंगाईच्या कारभाराला 'रेड टेप' म्हणू लागले. जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मुलांना आम्ही एक साधी रीत सांगतो. वाक्प्रचार दिसला की आधी विचारायचे, यात वस्तू कोणती आहे? ती वस्तू कोण आणि कशासाठी वापरतो? आणि अशा वेळी आपली आजी काय म्हणते? मग वहीत डाव्या बाजूला इंग्रजी आणि उजव्या बाजूला आजीचे बोलणे लिहायचे. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायचे नाही. वाक्प्रचाराची मोट बांधलेली असते, ती सोडून एकेक काडी मोजली तर हाती काही लागत नाही.

पावात दडलेला मालक

आता जरा खोल जाऊ. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत पावाला 'हलाफ' म्हणत. त्याचाच आजचा शब्द 'लोफ'. पाव ज्याच्या ताब्यात, जो त्याची राखण करतो, तो 'हलाफवर्ड'. हा शब्द झिजत झिजत 'लॉर्ड' झाला. पावाचे पीठ मळणारी ती 'हलाफदिगे', तिची झाली 'लेडी'. आणि त्या घरी राबणारा, त्याच्या अन्नावर जगणारा जो चाकर, त्याला म्हणत 'हलाफएटा', म्हणजे पाव खाणारा.

वाचकहो, नीट पाहा. ज्या 'लॉर्ड' शब्दापुढे जग वाकले, त्याचा मूळ अर्थ भाकरीच्या टोपलीवर बसलेला माणूस एवढाच आहे. टोपली ज्याच्या हाती तो मालक, त्यातले ज्याला मिळते तो चाकर. पुढे चाकराचा शब्द भाषेतून पुसला गेला, मालकाचा तेवढा राहिला. आपल्याला यात नवल वाटू नये.

पण याच पावातून एक चांगला शब्दही निघाला. लॅटिन भाषेत 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव. एका ताटात पाव खाणारा तो 'कम्पॅनियन', म्हणजे सोबती. 'कंपनी' हा शब्दही याच कुळातला. आपला माणूस अभिमानाने सांगतो, "मी कंपनीत आहे." त्या शब्दाच्या पोटात एकत्र बसून जेवणे आहे. ज्या देशात रोटीबंदीने माणसाला माणसापासून तोडले, तिथे हा अर्थ मुलांना मुद्दाम सांगितला पाहिजे. आणखी एक गंमत. आपण वड्याबरोबर खातो तो 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचे मूळही तोच 'पानिस'. म्हणजे नाक्यावरचा वडापाव आणि मोठमोठ्या कंपन्या शब्दाच्या नात्याने भाऊबंदच झाले.

मीठ आणि शीड

पगाराला इंग्रजीत 'सॅलरी' म्हणतात. तो लॅटिन 'सालारियम'वरून आला आणि त्याच्या मुळाशी 'साल' म्हणजे मीठ आहे. आपल्या पगाराचे चीज करणाऱ्या कामगाराला इंग्रज 'वर्थ हिज सॉल्ट' म्हणतो. आपल्याकडेही खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात. पण आपल्या बोलण्यात मीठ हे धन्याचे उपकार म्हणून येते. 'सॅलरी'तले मीठ हा कामाचा मोबदला आहे. पगार म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, हे एवढ्याशा मिठावरूनही सांगता येते.

आणि मोबदला मिळाला नाही तर? त्याचाही शब्द एका वस्तूतूनच आला. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी जहाजांची शिडे खाली उतरवली. शीड उतरवण्याला खलाशांच्या बोलीत 'स्ट्राइक' म्हणत. शीड उतरले की जहाज जागचे हलत नाही. तेव्हापासून काम बंद पाडणे म्हणजे 'स्ट्राइक' झाले. मुंबईत १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आपल्यापैकी कितीतरी घरांनी तो संप भोगला आहे. 'स्ट्राइक' हा शब्द त्या घरांत रोज उच्चारला गेला, पण त्याच्यामागे एका शिडाचे कापड आहे हे कोणी सांगितले नव्हते.

एका वाद्याची कैफियत

इंग्रजीने आपल्याकडूनही वस्तू उचलल्या. आपली खाट तिकडे 'कॉट' झाली. डोंगरी नावाच्या जाड्याभरड्या सुती कापडावरून कामगाराच्या पोशाखाला 'डंगरी' नाव पडले. पण एक शब्द असा आहे, की तो आपल्या मुलांनी डोळे उघडे ठेवून वाचावा. तो शब्द म्हणजे 'पॅरिया'. कोशात अर्थ दिलेला असतो बहिष्कृत, वाळीत टाकलेला. वर्तमानपत्रे आजही एखाद्या एकाकी पडलेल्या देशाला किंवा पुढाऱ्याला हा शब्द सहज लावतात.

हा शब्द तमिळ भाषेतला. तिथे 'परै' नावाचे चामड्याचे वाद्य आहे, आपल्या हलगीसारखे. ते वाजवण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, त्या जातीचे नाव परैयर. गोऱ्या लोकांनी ते नाव ऐकले, गावाबाहेर ठेवलेली माणसे पाहिली, आणि सबंध समाजाचे नाव शिवी म्हणून आपल्या भाषेत नेले. मूळ वस्तू काय? एक वाद्य! वाद्यात कसला विटाळ? तो शब्दात भरला तो माणसांनी.

पण गोष्ट इथे संपत नाही. याच समाजातील रेट्टैमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली मद्रासमध्ये एक वृत्तपत्र काढले आणि त्याला नाव दिले 'परैयन'. ज्या नावाने जग हिणवत होते, तेच त्यांनी मथळ्यावर छापले. पुढे १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेबांच्या बरोबर अस्पृश्यांचे दुसरे प्रतिनिधी म्हणून बसले ते हेच श्रीनिवासन. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, हा शब्द ओळखा, त्याचा इतिहास पाठ करा, परंतु कोणाला नावे ठेवण्यासाठी तो वापरू नका.

इंग्रजी शिकायची ती अशी. घाबरून नाही, आणि डोळे मिटूनही नाही. येत्या रविवारी भाकऱ्या थापताना आयांनी मुलांना जवळ बसवावे आणि घरातील पाच वस्तूंची नावे सांगावीत. मुलांनी त्या वस्तूंवरचे इंग्रजी वाक्प्रचार कोशातून शोधावेत आणि त्याला जुळणारे मराठी बोल आईला विचारावेत. आई शाळेत गेलेली नसली तरी हरकत नाही. अर्धे उत्तर तिच्याजवळच आहे.

त्या नववीतल्या मुलाने आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे: टायटन युवर बेल्ट, पोटाला चिमटा घेणे. आणि खाली बारीक अक्षरात लिहिले आहे, 'आईने सांगितले.'