संख्याशास्त्रीय आज्ञावलीतील संख्यांची तुलना व सह्यमर्यादा : वनहक्क क्षेत्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
दोन संख्या समान आहेत किंवा नाहीत, हे संगणकाने अचूक सांगावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. दशांश अपूर्णांकांच्या बाबतीत ती नेहमी पूर्ण होत नाही. धानोरा तालुक्यासारख्या वनव्याप्त भागात जमिनीच्या क्षेत्राची आकडेवारी हाताळणाऱ्या अभ्यासकाने याचे कारण समजून घेणे आवश्यक ठरते.

वनहक्क अधिनियम, २००६ नुसार वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे. समजा, एका दावेदाराच्या नावे ३.२ हेक्टर क्षेत्र मान्य झाले असून आणखी ०.८ हेक्टरची मागणी आहे. मागणी मर्यादेत बसते, हे शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु ‘आर’ या प्रणालीत ४ मधून ३.२ वजा करून शिल्लक ०.८ पेक्षा कमी नाही ना, असे विचारल्यास उत्तर नकारार्थी येते. शिल्लक ०.७९९९९९९९९९९९९९९८ भरते आणि दावा अपात्र ठरतो! विशेष म्हणजे ३.२ व ०.८ यांची बेरीज करून ती ४ शी ताडल्यास उत्तर बरोबर येते.

कारणमीमांसा :
एक तृतीयांश हा अपूर्णांक दशमान पद्धतीत जसा संपत नाही, तसे ३.२ व ०.८ द्विमान पद्धतीत संपत नाहीत. १९८५ च्या आय.ई.ई.ई. ७५४ मानकानुसार दुहेरी अचूकतेच्या संख्येस ५३ द्विमान अंक, म्हणजे सुमारे १५ ते १६ दशांश अंक मिळतात. उरलेला भाग केवळ गाळला जात नाही, तर संख्या साठविता येणाऱ्या सर्वांत जवळच्या संख्येपर्यंत पूर्णांकित केली जाते. वरील उदाहरणातील तफावत क्षेत्रात मोजली तर ती एका चौरस मिलिमीटरच्या जेमतेम दोन दशलक्षांश भागाएवढी आहे.

यावर उपाय म्हणून ‘आर’मध्ये ‘ऑल.इक्वल’ हे फलन आहे. त्याची मूळ सह्यमर्यादा दहा कोटींमागे सुमारे दीड असून ती सापेक्ष असते. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये १८०९.६१ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. (सामूहिक हक्कास ४ हेक्टरची मर्यादा लागू नाही.) एवढ्या क्षेत्रावर ही मर्यादा सुमारे पाव चौरस मीटर होते, ४ हेक्टरवर ती त्याहून कितीतरी लहान असते. संख्या भिन्न असल्यास हे फलन ‘असत्य’ न सांगता फरकाचे वर्णन करणारे वाक्य परत करते, म्हणून ते ‘इज-ट्रू’मध्ये गुंफावे लागते. शिवाय ते केवळ समानता तपासते. ‘कमी नाही ना’ या प्रश्नासाठी शिल्लक अधिक सह्यमर्यादा ही मागणीशी ताडावी.

सह्यमर्यादा किती असावी?
नोंदी ०.०१ हेक्टरपर्यंत असतील तर खरा फरक त्याहून लहान असू शकत नाही. तेव्हा ०.०००००१ हेक्टर, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर, ही मर्यादा पुरेशी आहे : गणनदोषाहून फार मोठी, खऱ्या फरकाहून फार लहान. जी.पी.एस. मोजणीतील काही मीटरची चूक सामावून घेण्यासाठी ही मर्यादा वाढविणे मात्र प्रस्तुत लेखकास अयोग्य वाटते. तसे केल्यास ४.०१ हेक्टरचा दावाही निमूटपणे पात्र ठरेल आणि कायद्याची मर्यादा आज्ञावलीच्या एका ओळीत बदललेली असेल. मोजणीतील चुकीचा विचार स्वतंत्रपणे, उघडपणे व्हावा.

शक्य तेथे याहून सरळ मार्ग म्हणजे क्षेत्र प्रारंभीच पूर्ण चौरस मीटरमध्ये नोंदविणे. ४०,००० वजा ३२,००० बरोबर ८,०००. येथे सह्यमर्यादेची गरजच उरत नाही.