झाडाच्या आतली बुरशी

एंडोफाइट म्हणजे काय?
झाडाच्या ऊतींमध्ये राहणारी, पण रोगाची लक्षणं न दाखवणारी बुरशी किंवा जिवाणू. बाहेरून काहीच दिसत नाही. साल वरून निर्जंतुक करून तिचा तुकडा पोषक आगरवर ठेवला, की काही दिवसांत कापलेल्या कडेतून पांढरे धागे डोकावतात.

नरक्या
सह्याद्रीतलं छोटं झाड, फुलांना उग्र दुर्गंधी. लाकडात कॅम्पटोथेसिन असल्यामुळे बेसुमार तोड झाली. हा रेणू १९६६मध्ये एका चिनी झाडातून प्रथम वेगळा केला गेला. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं त्याच्यापासूनच. नरक्याच्या आतली बुरशी झाडाबाहेरही तो बनवते, असं भारतीय संशोधकांनी २००५मध्ये नोंदवलं. अडचण अशी, की प्रमाण अत्यल्प असतं. काही बुरश्यांमध्ये तर प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवताना ते घटतच जातं.

पॅसिफिक यू
टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाचं मूळ झाड. त्याच्या सालीतली बुरशी टॅक्सॉल बनवते, हा दावा १९९३चा. २०१३च्या फेरतपासणीत अशा बुरश्यांमध्ये स्वतंत्र निर्मितीचा पुरावा मिळाला नाही.

गल्लत होते ती इथे
- बुरशी स्वतः रेणू बनवते, ही एक गोष्ट.
- बुरशीच्या शिरकावामुळे झाडच तो बनवतं, ही दुसरी. उदाहरण अगरूचं : निरोगी लाकूड फिकट, जवळजवळ गंधहीन, जखम होऊन बुरशी शिरली, की तिथे गडद, सुगंधी राळ साठते.