कानातला बिल्ला आणि टँकरचा जीपीएस

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गोठ्यात डोकावा, गायीच्या कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला दिसतो. त्यावर बारा अंकी क्रमांक आणि बारकोड. त्याला बॅटरी नाही, सिमकार्ड नाही, तो कुठलाही संदेश पाठवत नाही. पण ‘भारत पशुधन’ प्रणालीत तो क्रमांक टाकला की जनावराची जात, वय, मालक, झालेलं लसीकरण अशी नोंद समोर येते. धंद्यातल्या वस्तूंचा माग ठेवण्यासाठी यंत्रणा घ्यायला निघालेल्या माणसाने आधी हा बिल्ला नीट पाहावा. कारण विकणारा पहिल्याच भेटीत नकाशावर सरकणारा ठिपका दाखवतो, आणि ठिपका पाहून माणूस भुलतो. गाय कुठे आहे हे मालकाला कुणी सांगावं लागत नाही, ती दावणीलाच असते. ती कुणाची, तिला लस कधी टोचली, हे मात्र कागदावाचून कळत नाही. तेव्हा कोणत्या प्रश्नाचं उत्तर वेळेवर न मिळाल्याने आपले पैसे जातात, हे ठरवायचं आधी. यंत्राचं नाव नंतर.

बिल्ला रुजला तोही यंत्राच्या करामतीने नव्हे. जानेवारी 2024 मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, तेव्हा बिल्ल्याची नोंद ही त्यातली एक अट होती. पुढे 1 जून 2024 पासून बिल्ल्याविना जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई झाली. नोंद पैशाच्या व्यवहाराला बांधली गेली, म्हणून ती होऊ लागली. यावर कुणी म्हणेल की बिल्ले गळून पडतात, कान फाटतात, जनावर विकलं तरी जुन्याच मालकाचं नाव राहतं. खरं आहे. पण कानात महागडी चिप घातली असती तरी मालकाचं नाव कुणीतरी बदलायलाच हवं होतं. ढिसाळ नोंदीवर महाग यंत्र बसवलं, तर चुकीचीच माहिती जास्त वेगाने मिळते, इतकंच.

हाच निकष साखर कारखान्याला लावून पाहू. 1950 मध्ये प्रवरेच्या सहकारी कारखान्याने गाळप सुरू केलं, तेव्हापासून ऊस वेळेवर आणायचा कसा, ही या जिल्ह्याची दर हंगामाची विवंचना आहे. अनेक कारखाने ऊसतोड टोळ्यांना बैलांच्या टायरगाड्या हंगामापुरत्या देतात. हंगाम संपला की त्या परत यायच्या असतात, आणि कुठली आली, कुठली राहिली, कुणाच्या नावावर किती दुरुस्ती टाकायची, यावर वाद होतात. अशा गाडीला जीपीएस लावणं म्हणजे पैसा वाया घालवणं. तिच्यावर वीज नाही, दर काही दिवसांनी बॅटरी कोण चार्ज करणार? शिवाय ती गव्हाणीपासून फडापर्यंत, थोड्याच अंतरात फिरते. साट्याच्या लोखंडावर ठोकलेला नंबर, शेजारी क्यूआर कोडची पत्री आणि देताना-घेताना मोबाइलवर काढलेला फोटो एवढ्याने काम भागतं. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं मात्र वेगळं. त्या वजनकाट्यावर एकामागून एक येतात, तिथे प्रत्येक नंबर हाताने लिहायचा म्हणजे रांग वाढते आणि चुकाही. इथे फास्टॅगसारखा आरएफआयडी टॅग शोभतो. त्यालाही बॅटरी लागत नाही. रीडरच्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. गाडी काट्यावर येणारच, तेव्हा रीडर एकाच जागी बसवला की पुरे.

आरएफआयडीची खोड मात्र दूध संकलन केंद्रावर कळते. या टॅगच्या लहरी धातूवरून परावर्तित होतात आणि पाण्यात शोषल्या जातात. दुधाचा कॅन बाहेरून धातूचा, आत जवळजवळ सगळं पाणी. साध्या स्टिकर-टॅगला याहून वाईट जागा मिळणार नाही. धातूवर चालणारे खास टॅग मिळतात, पण त्यांची किंमत साध्याच्या कित्येक पट, आणि रोज गरम पाण्याने धुतल्या जाणाऱ्या कॅनवर ते टिकतील का, हे दहा-वीस कॅनवर महिनाभर वापरल्याशिवाय कुणी छातीठोकपणे सांगू नये. दुधाच्या टँकरवर मात्र जीपीएस बिनदिक्कत लावावा. माल महाग आणि नाशवंत, वाटेत थांबा कुठे व किती वेळ झाला हा प्रश्न भेसळीशी आणि डिझेलशी थेट जोडलेला, आणि गाडीची बॅटरी हाताशीच. चालकाला मात्र हे उपकरण आहे, त्यातून काय पाहिलं जातं, हे आधी सांगितलेलं बरं. लपवून बसवलेल्या यंत्राची वायर लवकर तुटते!

सर्वांत वजनदार आक्षेप असा की क्यूआर कोड माणसाने स्कॅन करावा लागतो, आणि माणूस कंटाळा करतो. म्हणून सगळं आपोआप नोंदवणारंच घ्यावं. आक्षेप बरोबर आहे, उपाय अर्धवट. जिथे वस्तू तासाला शेकड्याने जाते, तिथे यंत्रानेच वाचलं पाहिजे. पण नागापूरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपचं उदाहरण घ्या. तिथे गेज, डाय, फिक्स्चर दिवसातून दोन-चार वेळा कपाटातून निघतात. गेज हरवण्यापेक्षा मोठा धोका म्हणजे त्याची तपासणीची मुदत टळून जाणं आणि त्याने मोजलेला सगळा माल गिऱ्हाइकाने परत पाठवणं. पत्र्याच्या शेडमध्ये उपग्रहाचा संदेश धड पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी तपासणीची तारीख तो सांगणार नाही. तिथे गेजच्या डबीवर कोड चिकटवावा, आणि तो स्कॅन केल्याखेरीज स्टोअरकीपरने गेज हातात देऊ नये.